सरकारी कारखाने चालवणारा माणूस

"सरकारने धंदा करू नये. सरकारी कारखाना कधी चालतच नाही." हे वाक्य गेली तीस-पस्तीस वर्षे आपल्या कानावर इतक्या वेळा आदळले आहे की आता आपल्याच वस्तीतली शिकलेली पोरेही ते बोलू लागली आहेत. बँकेतला साहेब बोलतो, टीव्हीवरचा पाहुणा बोलतो आणि आरक्षणातून नोकरी लागून निवृत्त झालेला आपला माणूसही चहा पिता पिता बोलून जातो. कोर्टात आम्हा वकिलांना एक सवय लागलेली असते. समोरच्याने कितीही मोठ्या आवाजात विधान केले तरी आम्ही एवढेच विचारतो, पुरावा काय? आज या विधानाचा पुरावा तपासायचा आहे आणि त्यासाठी एका माणसाची कारकीर्द साक्षीला बोलवायची आहे.

त्या माणसाचे नाव व्ही. कृष्णमूर्ती. २६ जून २०२२ रोजी चेन्नईत वयाच्या ९७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मराठी वर्तमानपत्रांनी चार ओळींची बातमी दिली आणि विषय संपला. ते आपल्या चळवळीचे नव्हते आणि आरक्षणासाठी त्यांनी लढा दिला असाही माझा दावा नाही. मग या पानावर त्यांचे नाव कशाला? कारण आपल्या दोन पिढ्या ज्या सरकारी कारखान्यांच्या आधाराने उभ्या राहिल्या, ते कारखाने चालवता येतात हे या माणसाने एकदा नव्हे, तीन वेळा सिद्ध केले. ज्या मुद्द्यावर आपल्या पोरांच्या तोंडचा घास जातो आहे, त्या मुद्द्यावरचा हा साक्षीदार आहे.

१९२५ साली तंजावर जिल्ह्यातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानतळावर साधा तंत्रज्ञ म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. पुढे मद्रासच्या वीज खात्यात लागले. १९५४ मध्ये दिल्लीला नियोजन आयोगात विजेच्या प्रकल्पांचे काम त्यांच्याकडे आले. तिथून भोपाळचा हेवी इलेक्ट्रिकल्सचा प्रकल्प, मग तिरुचिरापल्लीचा बॉयलर कारखाना आणि १९७२ मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, म्हणजे आपण ज्याला 'भेल' म्हणतो, त्या कंपनीचे अध्यक्षपद. १९७७ ते १९८० ते अवजड उद्योग खात्याचे सचिव होते. १९८१ मध्ये मारुती उद्योग, १९८५ मध्ये स्टील अथॉरिटी म्हणजे 'सेल', आणि १९९१ मध्ये नियोजन आयोगाचे सदस्यत्व. पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण असे तिन्ही किताब त्यांना मिळाले.

हा माणूस आयएएस नव्हता. कलेक्टर झाला नव्हता. हातात पाना-पकड घेऊन सुरुवात केलेला तंत्रज्ञ भारत सरकारच्या सचिवाच्या खुर्चीपर्यंत गेला. 'गुणवत्ता' हा शब्द ज्यांच्या तोंडी आरक्षणाचा विषय निघाला की लगेच येतो, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे. पहिल्या दिवशी हातात असलेल्या कागदावर माणसाची लायकी ठरत नाही. संधी मिळाल्यावर तो काय करून दाखवतो, यावर ती ठरते. आपण हेच सांगत आलो आहोत.

आता एकेक प्रकरण पाहू.

पहिले प्रकरण 'भेल'चे. भोपाळचा अवजड विद्युत सामग्रीचा कारखाना ब्रिटिश सहकार्याने उभा राहिला होता. हरिद्वार, हैदराबाद आणि तिरुचिरापल्लीचे कारखाने सोव्हिएत रशिया व चेकोस्लोव्हाकिया यांच्या मदतीने उभे राहिले आणि ते 'भेल' या वेगळ्या कंपनीत होते. एक सरकार, एकच गिऱ्हाईक म्हणजे राज्यांची वीज मंडळे, आणि माल बनवणाऱ्या कंपन्या दोन! भोपाळचा कारखाना वर्षानुवर्षे तोट्यात होता. कृष्णमूर्तींच्या काळात, १९७४ मध्ये, या दोन्ही कंपन्या एक झाल्या. कोणता कारखाना काय बनवील, पुढच्या काही वर्षांत देशाला किती वीज लागेल आणि त्यासाठी आपण काय तयार ठेवायचे, याचा लेखी आराखडा तयार झाला. कारखाने तेच होते आणि कामगारही तेच होते. बदलला तो कारभार. त्यानंतर 'भेल' नफ्यात आली आणि परदेशातही माल पाठवू लागली.

दुसरे प्रकरण मारुतीचे. आज पुष्कळ तरुणांना ठाऊकच नाही की मारुती ही सरकारी कंपनी होती. संजय गांधींची मूळ मारुती कंपनी एकही गाडी धड बाजारात न आणता बुडाली होती. १९८० मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी स्थापन झाली. म्हणजे खाजगी मालकाने बुडवलेला धंदा सरकारने उचलला! २ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानच्या सुझुकीशी करार झाला. त्यात सुझुकीचा हिस्सा फक्त २६ टक्के होता, बाकी मालकी सरकारची. १४ डिसेंबर १९८३ रोजी, करारानंतर अवघ्या चौदा महिन्यांत, पहिल्या गाडीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली. त्याआधीच लाखाच्या वर लोकांनी पैसे भरून नाव नोंदवले होते. अँबेसेडर आणि फियाट बनवणाऱ्या खाजगी कंपन्यांना अनेक दशकांत जे जमले नाही, ते एका सरकारी कंपनीने करून दाखवले.

मारुतीच्या गुडगावच्या कारखान्यात आणखी एक गोष्ट झाली. ती आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल. तिथे साहेबांसाठी वेगळे जेवणघर नव्हते. कामगार आणि अधिकारी एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहात. दोघांना सारखाच गणवेश होता. अधिकाऱ्यांना बंद केबिन नव्हत्या, सगळे एका मोठ्या दालनात बसत. ही पद्धत जपानी भागीदाराकडून आली आणि कृष्णमूर्ती, तसेच त्यांच्यासोबत आलेले आयएएस अधिकारी आर. सी. भार्गव यांनी ती राबवली. ज्या देशात पाणी पिण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या देशात हजारो माणसे रोज एका पंगतीला बसतात ही गोष्ट लहान नाही. पण ती पुरेशी आहे काय? या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे.

तिसरे प्रकरण 'सेल'चे. भिलाई, दुर्गापूर, राउरकेला, बोकारो असे प्रचंड पोलाद कारखाने आणि दोन लाखांवर माणसे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या कंपनीने मोठा तोटा सोसला होता. १९८५ मध्ये कृष्णमूर्ती तिथे गेले आणि पहिले काम काय केले? दिल्लीत बसून हुकूम काढले नाहीत. कारखान्या-कारखान्यात जाऊन कामगारांच्या, फोरमनच्या, अधिकाऱ्यांच्या, युनियनच्या मोठमोठ्या बैठका घेतल्या. दुखणे कुठे आहे हे त्यांच्याच तोंडून ऐकले. त्यातून आधी काय करायचे आणि नंतर काय करायचे, याचा एक छोटा कागद तयार झाला आणि तो सगळ्यांच्या हाती दिला. एकही कारखाना न विकता ही कंपनी नफ्यात चालली.

ही तीन प्रकरणे पाहिल्यावर "सरकारी कारखाना चालत नाही" हे विधान पुराव्याअभावी फेटाळण्यात यावे, असा माझा युक्तिवाद आहे.

समोरचा वकील उठून म्हणेल, "हा एक अपवाद झाला. या माणसाच्या पाठीशी खुद्द पंतप्रधान होते. म्हणून मंत्री-संत्री लुडबुड करू शकले नाहीत." बरोबर आहे, मी ते नाकारत नाही. पण या उलटतपासणीतून काय सिद्ध झाले? एवढेच की मंत्रालयाची लुडबुड थांबवली, प्रमुखाला अधिकार दिले आणि हिशेब मागितला तर सरकारी कारखाना चालतो. म्हणजे दोष मालकीत नव्हता, मालकाच्या नावाने हात मारणाऱ्यांत होता. घरात चोरी होते म्हणून कोणी घर विकत नाही, कुलूप बदलतो.

दुसरा आक्षेप त्यांच्या चारित्र्याबद्दल घेतला जातो. १९९२ मध्ये शेअर घोटाळ्याच्या तपासात त्यांचे नाव आले, नियोजन आयोगाचे पद सोडावे लागले, अटकही झाली. पुढे ते आरोप टिकले नाहीत. २००४ मध्ये त्यांना उत्पादन क्षेत्राच्या स्पर्धात्मकतेसाठी नेमलेल्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष करण्यात आले आणि २००७ मध्ये पद्मविभूषण देण्यात आले. वकील म्हणून मी एवढेच नोंदवतो की आरोप झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या नशिबी असे परत येणे नसते. आपल्या समाजातल्या किती अधिकाऱ्यांची कारकीर्द एका विभागीय चौकशीत, एका गोपनीय अहवालाच्या शेऱ्यात संपून गेली, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सरकारी कारखाना चालो अथवा विको, आपल्याला त्याचे काय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कामगार खात्यासोबत वीज आणि पाटबंधाऱ्यांचे धोरणही त्यांच्याकडे होते. वीज ही सरकारच्या हाती असावी, ती स्वस्त आणि मुबलक असावी, त्याशिवाय देशात उद्योग उभे राहणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. देशाच्या विजेचा तांत्रिक विचार करणारे केंद्रीय मंडळ त्याच काळात, त्यांच्याच खात्यात उभे राहिले आणि दामोदर खोऱ्याची योजनाही तिथेच आकाराला आली. तंजावरचा तो तरुण तंत्रज्ञ ज्या वर्षांत कामाला लागला, तीच ही वर्षे. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि सरकारनेच चालवावेत, विमा ही सरकारची मक्तेदारी असावी, आणि हे सगळे निवडून येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारांच्या मर्जीवर न सोडता राज्यघटनेतच लिहून ठेवावे, असे त्यात मांडले होते. ते घटनेत आले नाही. आज त्याची किंमत कोण मोजतो आहे?

त्याच बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के राखीव जागा मिळाल्या. म्हणजे एका हाताने त्यांनी सरकारी उद्योगाचा पाया घातला आणि दुसऱ्या हाताने त्यात शिरण्याचे दार आपल्यासाठी उघडले. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. दार असायला आधी घर असावे लागते. घरच विकले तर दार कुठे राहील?

हे मी भावनेने म्हणत नाही, कायद्याने म्हणतो. राज्यघटनेच्या कलम १२ मध्ये 'राज्य' या शब्दाची व्याख्या आहे. समानतेचा हक्क, नोकरीतल्या समान संधीचा हक्क, कलम १६(४) खालचे आरक्षण, हे सगळे या 'राज्या'विरुद्ध मागता येते. १९७५ चा सुखदेव सिंग खटला, १९७९ चा रमण दयाराम शेट्टी खटला आणि १९८१ चा अजय हासिया खटला या निकालांनी सर्वोच्च न्यायालयाने 'राज्य' या शब्दात सरकारी महामंडळे आणि कंपन्या आणून बसवल्या. त्यामुळे 'भेल'चा कामगार किंवा 'सेल'चा फोरमन आपला हक्क डावलला म्हणून रिट याचिका करून थेट उच्च न्यायालयात येऊ शकला. कंपनी विकली गेली त्या दिवशी तिच्या दारावरून 'राज्य' ही पाटी उतरते.

२००१ मध्ये बाल्कोचे ५१ टक्के भाग ५५१.५ कोटी रुपयांना स्टरलाइट कंपनीला विकले गेले. कोरबाच्या कामगारांनी ६७ दिवस संप केला. "कंपनी विकली तर आमचे कलम १४ आणि १६ चे संरक्षण जाईल," असेही न्यायालयात सांगून पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००१ मध्ये निकाल दिला की हे आर्थिक धोरण आहे, आणि हे संरक्षण जाते एवढ्या कारणाने विक्री रद्द होत नाही. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली. तिच्या कर्मचाऱ्यांच्या याचिका सरकारी मालकी असतानाच दाखल झाल्या होत्या, पण त्यांचा निकाल लागायच्या आत मालक बदलला. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एअर इंडिया आता 'राज्य' नाही, म्हणून तिच्याविरुद्ध ही रिट चालणार नाही. म्हणजे अन्याय झाला तेव्हा सरकार मालक होते, न्याय मागायची वेळ आली तेव्हा मालक दुसराच!

आणि विकले ते काय? फक्त बुडीत माल विकला काय? १९९७ मध्ये सरकारने आपल्या उत्तम चाललेल्या नऊ कंपन्यांना 'नवरत्न' हा दर्जा दिला. त्यात 'भेल' आणि 'सेल' होत्या, तशाच व्हीएसएनएल आणि आयपीसीएल याही होत्या. पाच वर्षांच्या आत, २००२ मध्ये, यांपैकी व्हीएसएनएल टाटांकडे आणि आयपीसीएल रिलायन्सकडे गेली. त्याच वर्षी मारुतीवरचा ताबा सुझुकीकडे गेला आणि २००७ पर्यंत सरकारने उरलेला हिस्साही विकून टाकला. चालत नाही म्हणून विकले, हा युक्तिवाद इथे कुठे बसतो?

विकल्याशिवायही घर रिकामे करता येते, हे मला माझ्या टेबलावर आलेल्या कागदांनी शिकवले. काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे आला. त्याचे वडील एका सरकारी कारखान्यात आरक्षणातून फिटर म्हणून लागले आणि त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. त्या पगारावर दोन खोल्यांचे पक्के घर झाले, दोन बहिणी शिकल्या, एक नर्स झाली. पोरगा आयटीआय झाला आणि त्याच गेटमधून आत जाऊ लागला. काम तेच, यंत्र तेच, पण तो कंत्राटदाराच्या हजेरीपटावर! नऊ वर्षे झाली होती. कंत्राटदार तीन वेळा बदलला आणि दर वेळी त्याची नोकरी 'नवीन' झाली. त्याने जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, आयटीआयचे गुणपत्रक असे सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत नीट लावून आणले होते. त्याने मला विचारले, "साहेब, यातला कोणता कागद लागेल?" कंत्राटदाराच्या हजेरीपटाला रोस्टर लागू नसते, तिथे यांतला एकही कागद कोणी मागत नाही, हे त्याला सांगताना माझी जीभ जड झाली.

या बाबतीतला सर्वांत महत्त्वाचा निकालही 'सेल'च्याच खटल्यातला आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० खाली एखाद्या कामातले कंत्राट बंद केले तर तिथले कामगार आपोआप मूळ कंपनीचे होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने आधी सांगितले होते. ऑगस्ट २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात तो निकाल फिरवला. ज्या कंपनीत दोन लाखांवर कायम माणसे होती तिथे २०२३ मध्ये ती ६० हजारांच्या आसपास उरली होती. केंद्राच्या सार्वजनिक उद्योगांतली एकूण माणसे २०१३ मध्ये १७ लाखांवर होती, ती २०२२ मध्ये १५ लाखांच्या आत आली, आणि त्यांतला दर पाचातला दोनांहून अधिक माणूस कंत्राटी किंवा रोजंदारीवरचा होता. कलम १६(४) कोणी रद्द केलेले नाही, ते जागच्या जागी आहे. फक्त ते ज्या जागांना लागू होते त्या जागा संपत आहेत.

आता थोडे स्वतःलाही विचारू या. कृष्णमूर्तींसारखी माणसे ज्या टेबलाभोवती बसून निर्णय घेत होती, त्या टेबलाभोवती आपण होतो काय? सरकारी कंपन्यांच्या संचालक मंडळावरच्या पूर्णवेळ नेमणुकांसाठी १९७४ पासून एक निवड मंडळ आहे. त्या पदांना आरक्षण नाही. फिटर, क्लार्क, कनिष्ठ अभियंता इथपर्यंत रोस्टर आणि वर 'कार्यक्षमता'! कलम ३३५ मध्ये प्रशासनाची कार्यक्षमता हा शब्द आहे आणि बढतीचा प्रश्न आला की तोच शब्द आपल्या तोंडावर फेकला जातो. पण मे २०१९ मध्ये बी. के. पवित्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कार्यक्षमता म्हणजे केवळ परीक्षेतले गुण नव्हेत, समाजातल्या सर्व घटकांना सामावून घेणारे प्रशासन हेच कार्यक्षम प्रशासन. हा निकाल आपल्या कर्मचारी संघटनांच्या किती कार्यालयांत वाचला गेला?

इथे कोणी मला पकडेल. "परीक्षा न देता सचिव झालेल्या माणसाचे तुम्ही कौतुक करता आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ४५ पदे बाहेरून भरण्याची जाहिरात निघाली तेव्हा तुम्हीच विरोध केला. हे कसे?" प्रश्न योग्य आहे. कृष्णमूर्ती सरकारी कारखान्यांच्याच पायऱ्या एकेक करून चढले आणि मग सचिव झाले. खालचा माणूस वर जाण्याला आपला विरोध असूच शकत नाही, आपली मागणीच ती आहे. ४५ पदांच्या त्या जाहिरातीत आरक्षण नव्हते, कारण एकटे पद असले की त्याला आरक्षण लागू होत नाही, असा १९९८ चा चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या प्रकरणातला निकाल आहे. पदे सुटी-सुटी करायची आणि रोस्टर चुकवायचे, या युक्तीला आपला विरोध होता. ती जाहिरात मागे घ्यावी लागली.

शेवटी त्या एका पंगतीच्या जेवणघराकडे येतो. १८ जुलै २०१२ रोजी मारुतीच्या मानेसरच्या कारखान्यात हिंसाचार झाला. मनुष्यबळ विभागाचा एक अधिकारी आगीत मरण पावला. ही हत्या होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. पण त्या दिवसाची सुरुवात एका दलित कामगाराला सुपरवायझरने जातिवाचक शिवी दिल्यावरून झाली, असे कामगार संघटनेचे म्हणणे होते, व्यवस्थापनाने ते नाकारले. १४८ कामगारांवर खटला चालला. मार्च २०१७ मध्ये ३१ जण दोषी ठरले, त्यांतल्या १३ जणांना जन्मठेप झाली आणि ११७ जण निर्दोष सुटले. यांतले बहुतेक निर्दोष ठरण्याआधी काही वर्षे तुरुंगात होते.

एकच गणवेश होता आणि एकच पंगत होती, तरी हे झाले. सहभोजनाने जात जात नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच लिहून ठेवले आहे. साहेबाच्या मनाच्या मोठेपणावर चालणारी समानता साहेब बदलला की बदलते, मालक बदलला की संपते. कृष्णमूर्ती मोठे कारभारी होते, पण त्यांच्याही कारभाराचे हेच झाले. त्यांनी उभी केलेली मारुती ते असताना सरकारची होती, ते जाईपर्यंत दुसऱ्याची झाली होती. एक चांगला माणूस पुरत नाही. त्याने केलेले काम कायद्यात बांधून ठेवावे लागते.

म्हणून वाचक मित्रहो, निव्वळ "खाजगीकरण मुर्दाबाद" एवढ्या घोषणेवर आता भागणार नाही. आपल्याला तीन गोष्टी मागाव्या लागतील. पहिली, कोणतीही सरकारी कंपनी विकताना नव्या भरतीतही आरक्षण पुढे चालू राहील, अशी अट कायद्यानेच घालावी. दुसरी, सरकारी कारखान्याच्या गेटच्या आत कायमस्वरूपी काम करणारा प्रत्येक माणूस, तो कोणाच्याही हजेरीपटावर असो, रोस्टरच्या हिशेबात धरावा. तिसरी, संचालक मंडळावरच्या निवडीत आपल्या माणसांचा विचार किती झाला, याचा आकडा दर वर्षी संसदेपुढे ठेवावा. माहितीचा अधिकार आपल्या हातात २००५ पासून आहे. अनुसूचित जाती आयोगाला कलम ३३८ खाली चौकशीचे अधिकार आहेत. जे आज नोकरीत आहेत त्यांनी आपल्या कारखान्याचे रोस्टर एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, आणि गेटवर उभ्या असलेल्या कंत्राटी पोराला युनियनच्या खोलीत आत बोलवावे. तो आपल्यापैकीच कोणाचा तरी मुलगा आहे.

माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाचे प्रकरण अजून चालू आहे. तारखेला येताना तो ती प्लास्टिकची पिशवी घेऊनच येतो. एकदा मी म्हटले, "अरे, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र या खटल्यात लागत नाही, ते घरी ठेव." तो म्हणाला, "राहू द्या साहेब. बाबाला याच कागदावर नोकरी लागली होती."